पायाखालचा कप्पा

१

कप्पा रिकामा होता.

मी बॅटरी आत फिरवली, कोपरे पाहिले, हात घालून तळ चाचपला. काही गाड्यांत मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेखाली, असा झाकणाचा कप्पा असतो. सामान ठेवायची सोय म्हणून दिलेला. या गाडीत ते झाकण मधोमध फुटलं होतं आणि मुलांच्या सीटचा लोखंडी पाय चांगला चार बोटं आत रुतला होता.

"इथे लाकडाचा ठोकळा असायला हवा," माझ्यामागे उभी असलेली बाई म्हणाली. "माझ्या भावाने मापाने बनवलेला. तो कोणी काढला, एवढंच मला सांगा."

ती मुलीची आई. बारा दिवसांपूर्वी तिचे सासरे नातीला पाळणाघरातून घरी आणत होते. पुढच्या टेंपोने अचानक ब्रेक लावला. वेग काही फार नव्हता. आजोबांच्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला, तेवढंच. मागे बसलेल्या अडीच वर्षांच्या मुंगीचं, घरात तिला मुंगीच म्हणतात, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि मानेला मार बसला.

आमच्या प्रयोगशाळेत गाडीतल्या मुलांच्या सीटची परीक्षा होते. बाहुल्या बसवून आम्ही त्या आदळतो, कॅमेऱ्याने बघतो, पास झालेल्या सीटला मान्यतेचा शिक्का देतो. अपघातात मुलाला लागलं तर ती सीट गाडीसकट आमच्या मागच्या आवारात येते. ही तशी आली होती.

सीट परदेशातून आणलेली, पाठमोरी. तिच्यात मूल मागच्या काचेकडे तोंड करून बसतं, त्यामुळे समोरून धक्का बसला की तो सगळ्या पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. आमच्या शिक्क्याच्या सीटमध्ये दीड वर्षानंतर मूल पुढे तोंड करतं, आणि सीटचा वरचा पट्टा मागच्या आकड्याला बांधावा लागतो. परदेशी सीटला तो पट्टाच नाही. तिला पुढे एक पाय असतो, तो गाडीच्या तळावर टेकतो, आणि धक्क्याचा भार तो पेलतो. तळ पोकळ असेल तर आत ठोकळा भरावा, असं तिच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं आहे.

"मी क्ष-किरण विभागात काम करते," ती म्हणाली. "पुढे तोंड करून बसलेल्या मुलांच्या माना मी पाहिल्यात, म्हणून हट्टाने ही सीट आणली. आणि मग मुंगीच्या मानेची फिल्म मीच काढली. पाय नीट टेकला की त्यावर हिरवी खूण दिसते. रोज सकाळी बघायचे मी. त्या दिवशीही हिरवं होतं."

"झाकणावर टेकला तरी हिरवं दिसतं," मी म्हटलं. "भार येईपर्यंत झाकण तग धरतं."

तिने मान हलवली. हे तिला आधीच कळलेलं होतं.

"बारा दिवस मी तिला कुणाला हात लावू दिलेला नाही. नवऱ्याला नाही, सासऱ्यांना नाही. भरवते मी, अंघोळ मी घालते. माझी रजा शुक्रवारी संपते. तोपर्यंत मला कळलं पाहिजे की मुलीजवळ कुणाला ठेवून जायचं. नाही कळलं तर तिला घेऊन मी दादाकडे राहायला जाणार. ठोकळा आपोआप उडून जात नाही, मॅडम. घरातल्याच कुणीतरी काढलाय."

२

दादा, म्हणजे मुंगीचा मामा, जहाजावर इंजिनियर होता. अपघात कळल्यावर रजा टाकून आलेला. तो कप्प्यापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"दोनशे चौदा, एकशे बासष्ट, उंची एकशे अठरा," तो म्हणाला. "मिलिमीटर. पुठ्ठ्याचा साचा करून आधी घालून बघितला होता. मग ठोकळा, मग दोन दिवस पॉलिश कागद. झाकण लावलं की त्याच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये तसूभर पोकळी नाही."

"स्क्रू मारला होतात?"

"नाही. आडवा गच्च बसत होता. काढायचा तर दोन्ही हातांनी ओढायला लागणार."

"मग चुकून निघाला नाही."

"शक्यच नाही. कुणीतरी झाकण उघडलं, आत वाकलं आणि ओढून काढला." तो उठला, हात पँटला पुसले. "एक सांगू? जहाजावर मी एकेका झडपेला चिठ्ठी लावतो. ही बंद करू नका, ही आधी उघडा. माझे लोक हसतात मला. आणि या ठोकळ्यावर दोन शब्द लिहायचे राहिले. वाटलं, कोण बघणार आहे."

मी पुन्हा बॅटरी लावली. कप्प्याच्या तळाशी जुनी, राखाडी धूळ होती आणि तिच्या मधोमध स्वच्छ चौकोन. चौकोनावर मी बोट फिरवलं. बोटाला अगदी पातळ थर लागला.

"ठोकळा किती दिवस आत होता?"

"चौदा महिने."

चौदा महिन्यांची धूळ कडेला, आणि मध्ये चार-पाच आठवड्यांची. म्हणजे अपघातापर्यंत तीनेक आठवडे मुंगी रोज त्या पोकळीवर बसून जात-येत होती, आणि रोज खूण हिरवी दिसत होती.

३

आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. आतल्या खोलीचं दार बंद होतं. दाराआडून मुंगी "आबा, आबा" करत होती आणि ते वर्तमानपत्राची घडी घालून पुन्हा उलगडत होते.

"आत जात नाही तुम्ही?"

"सूनबाईने सांगितलंय. बरोबरच आहे तिचं. गाडी माझ्या हातात होती."

चाळीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं. पायांवर त्याच्या खुणा होत्या. बसल्या बसल्याही ते पोटऱ्या दाबत होते. मला पाहिल्यावर ते अर्धवट उठले होते, काही बोलतील असं वाटलं, पण सून शेजारी उभी होती. ती आत गेल्यावर मी विचारलं, "गाडीत पायाखाली कप्पा आहे, ते माहीत होतं तुम्हाला?"

"कसला कप्पा?"

उत्तर फार लवकर आलं. ज्याला खरंच माहीत नसतं तो क्षणभर तरी आठवून बघतो.

"त्यात लाकडाचा ठोकळा होता."

"मला गाडीतलं काही कळत नाही. चालवतो तेवढी." ते बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. चोर माणूस नजर चुकवतो. हे नजर हटवत नव्हते.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही फार चांगल्या आहात, बाई."

मी त्यांचं काय चांगलं केलं होतं, ते मला कळेना.

४

मुंगीचे वडील औषधाच्या दुकानात सापडले. पाठीमागे कपाटभर खोके, समोर काचेचा काउंटर. प्रत्येक पाकीट देण्याआधी ते उलटून तारीख वाचत होते.

"होय, माझा विरोध होता," गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले. "शिक्का नसलेली गोळी मी परक्या माणसाला देत नाही. पोटच्या मुलीला शिक्का नसलेल्या सीटवर कसं बसवू? मान्यतेची सीट मी विकत आणली. कपाटावर आहे, खोकंही फोडलेलं नाही. हिने फोडू दिलं नाही."

"तुम्ही ठोकळा काढलात?"

"नाही."

"पण काहीतरी केलंत."

त्यांनी काउंटरवरची एक रिकामी पट्टी उचलली आणि तिचे खळगे अंगठ्याने एकेक करून दाबायला लागले.

"हिला सांगणार?"

"ते मी अजून ठरवलेलं नाही."

"मी फोन केला होता. तुमच्याच कार्यालयात. नाव सांगितलं नाही. म्हटलं, या नंबरच्या गाडीत बेकायदा सीट आहे. मला वाटलं, सरकारी पत्र येईल, ती घाबरेल, ऐकेल. मी बोलून ऐकत नव्हती ना." पट्टी चुरगळली. "स्वतःच्या बायकोची चुगली केली मी. आणि पत्र काही आलंच नाही. तुमचं कार्यालय झोपा काढतं."

आमचं कार्यालय झोपा काढत नाही. तक्रार आली की आठ दिवसांत पत्र जातंच. मग ते पत्र गेलं कुठे?

५

मी आवारात परत आले आणि गाडी पहिल्यापासून बघायला घेतली. आतापर्यंत मी फक्त कप्पा बघत होते, तिथेच माझं चुकत होतं.

चालकाच्या दाराच्या खिशात पार्किंगच्या चिठ्ठ्या होत्या. मी त्या तारखेने लावल्या. सर्वांत जुनी, मागच्या महिन्याची एकोणीस तारीख. त्याआधीची एकही नव्हती. मी मुंगीच्या आईला फोन केला.

"चिठ्ठ्या टाकून देता का तुम्ही?"

"छे. वर्ष वर्ष साठतात. नवऱ्याची रोजची कटकट असते, गाडीचा उकिरडा केलायस म्हणून."

डिकीत, जादा चाकाशेजारी, गाठ मारलेली एक पिशवी होती. तिच्यात चघळलेलं रबरी खेळणं, उन्हाची जाळी, अर्धा बिस्किटाचा पुडा, आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. शेवटची चिठ्ठी सतरा तारखेची.

म्हणजे सतरा आणि एकोणीसच्या मध्ये कुणीतरी पूर्ण गाडी रिकामी केली होती. फक्त ठोकळा नव्हे. दारांचे खिसे, सीटखालची जागा, सगळं. ज्याला मुलीचं वाईट करायचं असतं तो ठोकळा उचलतो आणि जातो, तो चिठ्ठ्या कशाला गोळा करेल? धुवायला दिली असेल म्हणावं, तर पायपुसण्यांवर सहा महिन्यांचा चिखल तसाच होता, आणि कप्प्यातली धूळही कुणी झटकली नव्हती. दुरुस्तीला दिली असेल, तर गाडीवर तसं काम झाल्याची एकही खूण नाही.

मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. गाडी पूर्ण रिकामी करायची, पण धुवायची नाही, दुरुस्त करायची नाही, सामान पिशवीत भरून परत द्यायचं. असं कोण करतं?

असं आम्ही करतो.

अठरा तारखेला रविवार होता, आणि त्या रविवारी मी कुठे होते ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

६

वर्षातून चार रविवार आम्ही मोफत तपासणी ठेवतो. गाडी आली की आधी तिच्यातलं सगळं सुटं सामान काढून ट्रेमध्ये ठेवायचं, कारण धक्क्यात सुटी बाटलीसुद्धा दगडासारखी उडते. हा नियम मी लिहिलेला आहे. मग पुढच्या टेबलावरचा सहकारी सीट तपासतो. सीटला शिक्का नसेल तर तिला हात लावायचा नाही, वाकून बघायचंही नाही. बघितलं म्हणजे आपण ती मान्य केली असं उद्या कुणी म्हणेल. त्या नियमाच्या बैठकीत मी होते आणि हात वर केला होता.

नोंदवही काढली. अठरा तारीख, एकशे बारा गाड्या. या गाडीचा नंबर त्र्याहत्तरावा. "सीट: अमान्य. तपासणी: केली नाही. वापरू नये, असे सांगितले." शेवटच्या रकान्यात, सामान काढणाऱ्याची सही. माझी.

त्याखाली माझ्याच अक्षरात: "बेवारस वस्तू: लाकडी ठोकळा, एक."

बेवारस सामानाचं कपाट जिन्याखाली आहे. तीन छत्र्या, दुधाची बाटली, एक उशी, आणि मागे तो. मी मापं घ्यायचा कॅलिपर आणला. दोनशे चौदा. एकशे बासष्ट. एकशे अठरा. कडा इतक्या गुळगुळीत होत्या की कॅलिपर त्यावरून घसरत होता. भंगारातलं लाकूड इतकं कुणी घासत नाही. हे त्या दिवशीही माझ्या हाताला लागलं असणार, दोन्ही हातांनी ओढूनच मी तो काढला असणार. मला काहीही आठवत नव्हतं. एकशे बारा गाड्यांत मी वाकले होते आणि एकीतही मान वर करून सीटकडे पाहिलं नव्हतं. ते माझं टेबल नव्हतं.

आजोबा मला त्यांच्या इमारतीच्या खाली, बाकावर भेटले. मी शेजारी बसले आणि नोंदवहीच्या पानाची प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी वाचली नाही. "म्हणजे तुम्हाला आठवत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, आठवतंय. मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेताय."

मग त्यांनी सांगितलं. आमचं पत्र सुनेच्या नावावर आलं होतं. घरात आधीच धुसफूस, त्यात हे सरकारी पाकीट. त्यांनी ते उघडून वाचलं, रविवारच्या मोफत तपासणीला गाडी आणा असं त्यात होतं, आणि खिशात घातलं. रविवारी सून-मुलगा झोपलेले असताना गाडी घेऊन आले. म्हटलं, तिथली माणसं हुशार आहेत, बघून सांगतील, सीट चांगली की वाईट, आणि भांडण मिटेल. कुणी बघितलं नाही. हातात कागद दिला: वापरू नये.

"सामान काढताना सीटचा पाय आड येत होता, तो मीच दुमडला आणि मग परत टेकवला, खूण हिरवी झाली. आणि तुम्ही ट्रे परत देताना विचारलंत, हे लाकूड तुमचं का? मी म्हटलं, आमचं नाही. मला खरंच माहीत नव्हतं, बाई. तुम्ही म्हणालात, राहू दे मग इथेच." ते पोटऱ्या दाबत होते. "चाळीस वर्षांत कुणाचं पत्र अडवलं नाही मी. घरातलं एक अडवलं. वापरू नये लिहिलेला कागदही दडवला, आणि तिच्यातच पोरीला बसवून आणत राहिलो. आता तुमचं नाव सांगून माझं काय सुटणार होतं?"

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. माझ्या हाताला ते शोभलं नसतं.

"उद्या गुरुवार," मी म्हटलं. "दुपारी सगळे घरी असतील का?"

७

सगळे होते. मामाही आला होता. मी ठोकळा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मामाने तो लगेच ओळखला, पण हात लावला नाही.

"कुठे होता?" मुंगीच्या आईने विचारलं.

"आमच्या कार्यालयात. मी काढला."

मी क्रमाने सांगितलं. धूळ, चिठ्ठ्या, पिशवी, नोंदवही. गाडी कोणी आणली ते मी बोलले नाही; तिथे थांबले. आजोबांनी स्वतः सांगितलं, पत्रापासून कागदापर्यंत, खाली बघत. मग मुंगीचे वडील म्हणाले, "ते पत्र माझ्यामुळे आलं. फोन मी केला होता."

"तू?" मुंगीची आई म्हणाली.

"मी."

"माझ्या गाडीचा नंबर देऊन?"

"हो."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठेल आणि बॅग भरायला लागेल. तिने मान वळवली ती माझ्याकडे.

"तुम्ही तेव्हा वाकून एकदा पायाखाली बघितलं असतं, तर कळलं असतं?"

"हो. अर्धं मिनिट लागलं असतं."

"ठोकळा परत घालायला?"

"तेवढंच."

"मग का नाही बघितलं?"

"शिक्का नव्हता."

मुंगीच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"ती सीट वाईट होती का?" तिने विचारलं. "खरं सांगा. आज शिक्का-बिक्का सोडा."

"चांगली होती. तुमच्या कपाटावरची, ती पण चांगली आहे. दोन्ही वेगवेगळ्या परीक्षा देऊन पास झालेल्या आहेत. तुमची आमच्या परीक्षेला बसलीच नव्हती. बसवायची सोय आम्ही ठेवलेली नाही. ठोकळा असता तर त्या धक्क्यात मुंगीला बहुतेक काही झालं नसतं." मी पाकीट पुढे केलं. "हे सगळं मी सही करून वरिष्ठांना दिलंय. ही तुमची प्रत. तुम्हाला जी तक्रार करायची असेल तिला हे जोडता येईल."

"ठेवा तिथे."

मी ठेवलं. तिने ते उघडलं नाही. ठोकळ्याची एक कड ती अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपत होती, फिल्मवरची एखादी रेघ शोधावी तशी.

"दादाने लिहिलं नाही," ती हळू म्हणाली. "याने फोन केला. बाबांनी कागद दडवला. आणि मी हिरवी खूण बघत बसले, झाकण एकदाही उघडलं नाही. चौदा महिन्यांत एकदाही नाही." मग ती उठली आणि आतलं दार उघडलं. "घरातल्यांचं मी बघून घेईन. काहींशी मला खूप बोलायचंय, आणि ते आज संपणार नाही. पण मी कुठे जात नाही. बाबा, उद्यापासून मुंगी तुमच्याजवळ. आता तिला खाली फिरवून आणा, चालतच."

आजोबा उठले नाहीत.

"तुम्हाला एक सांगते, मॅडम," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही येऊन सांगितलंत, ते मी विसरणार नाही. पण माझ्या मुलीला तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मी म्हटलं.

फिरायला जायचं एवढंच मुंगीला समजलं होतं. ती दारातून आली, गळ्यात मानेचा पट्टा, त्यामुळे कुठेही बघायचं तर तिला अख्खं वळावं लागत होतं. दोन्ही चपला हातात. जवळ जी पहिली बसलेली व्यक्ती दिसली तिच्यापुढे येऊन थांबली. ती मी होते.

"घाल," ती म्हणाली, आणि एक पाय माझ्या गुडघ्याला लावून उभी राहिली.

मी हात मांडीखाली घेतले. मुंगीने वाट बघितली. मग तिने पट्टा सावरत मान जमेल तेवढी तिरकी केली, बहुतेक मला ऐकू येतं का ते बघायला, आणि पुन्हा म्हणाली, "घाल ना."

तिची आई दारात उभी होती. ती पुढे आली नाही.

आजोबा टेबलाला धरून उठले, दोन पावलं चालत आले, आणि गुडघे कुरकुरत असतानाही जमिनीवर बसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावरून तो पाय उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला.